पाठ झालेलं पाणी

चुलीवर मक्याचं पीठ रटरटत होतं आणि धाकट्या लुलूला कडेवर घेऊन ओदलीन फ्रेंचमधला धडा घडाघडा म्हणत होती. तिची आई द्युमेन ढवळता ढवळता थांबून ऐकत होती. एक शब्द कळत नव्हता, म्हणून तर अभिमान जास्त.

"काय गं, कशाचा धडा?"

"आरोग्याचा."

"अगं, पण त्यात म्हटलंय काय?"

"ते मास्तर विचारत नाहीत, आई. अडखळलं की चाबूक बसतो, एवढंच."

आमच्या हैतीत पोरं घरी क्रेओल बोलतात आणि शाळेत फ्रेंच पाठ म्हणतात. वर्गात घरचा शब्द तोंडातून निसटला की पाठीवर वळ. आणि आम्ही आया ते वळ बघून समाधानानं म्हणतो, मास्तर कडक आहेत हो, पोर शिकणार!

त्या दिवशी ओदलीन पहिली आली. क्लेरमों मास्तरांनी स्वतः तिच्या वेणीला निळी फीत बांधली. संध्याकाळी ती कालव्यावर गेली, बादली भरून डोक्यावरून आणली. लुलू तहानेनं रडत होती, म्हणून तिला त्यातलंच पेलाभर पाजलं.

हगवणीची साथ वरच्या गावांतून कालव्याबरोबरच खाली उतरली होती. दुसऱ्या दिवशी, ऊन कलायच्या आत, लुलू गेली.

दवाखान्यातली नर्स क्रेओलमध्ये म्हणाली, "कालव्याचं पाणी उकळल्याशिवाय लेकराला देऊ नये, एवढंही कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

ओदलीन भिंतीला टेकून उभी होती. तिचे ओठ हलायला लागले. धडाच म्हणत होती, पण या वेळी हळू, एकेका शब्दाशी थांबत. मग ती आईकडे वळली.

"आई, हेच होतं त्यात. हेच पाठ होतं मला."

लुलूला माती देऊन द्युमेन शाळेत गेली.

"द्युमेनबाई, फार वाईट झालं," मास्तर उठून म्हणाले.

"तो पाण्याचा धडा पोरांना आपल्या भाषेत सांगा, मास्तर."

"परीक्षा फ्रेंचमध्ये असते, बाई. आणि क्रेओलमध्ये शिकवलं तर तुम्हीच भांडायला येता. घरचंच ऐकायला शाळेत घालतो का, म्हणता."

"म्हणत होते. सगळ्यांत मोठ्यानं मीच." तिनं बाक ओढला आणि बसली. "आता हलत नाही मी इथून. मारायचं तर मला मारा."

मास्तरांनी पुस्तक उघडलं, पुन्हा मिटलं. लहानपणी त्यांनीही तो धडा मार खाऊनच पाठ केला होता.

"पाणी... आधी खळखळून उकळायचं..."

त्यांच्या तोंडी घरची भाषा ऐकून मागच्या बाकावर कुणी तरी फिसकन हसलं. चाबूक मात्र टेबलावरच राहिला. मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं बिचकत हात वर केला. या वर्गात काही विचारायला हात वर झालेला कुणी पाहिला नव्हता.

"म्हणजे आपल्या कालव्याचं पाणीसुद्धा, मास्तर?"

मास्तरांच्या आधी द्युमेनच तिच्याकडे वळली.

"हो, बाळ. आपल्याच कालव्याचं. तू आज सकाळी कुठलं प्यायलीस?"