सातव्या ग्रीनची जागा

"इथे," स्ट्रुअन म्हणाला आणि गोल्फच्या भोकाभोवतीच्या हिरवळीची खुंटी बुटाच्या टाचेने वाळूत घुसवली. "सातवं ग्रीन इथे. बघ, वारा कसा एकदम पडतो."

पडणारच. तीन आठवडे समुद्रावरून पूर्वेचा वारा सुटला होता आणि आम्ही वाळूच्या मोठ्या टेकाडाआड, पश्चिमेकडच्या खळग्यात उभे होतो. पण आमच्या किनाऱ्यावर पूर्वेचा वारा म्हणजे मे महिन्याचा पाहुणा. उरलेलं वर्ष पश्चिमेचं. हिवाळ्यात तो पश्चिमेकडच्या नदीमुखाशी पडलेली वाळू उचलतो आणि नेमकी याच खळग्यात आणून ओततो. स्ट्रुअनलाही हे एकेकाळी ठाऊक होतं. वीस वर्षं दुबई-पोर्तुगालात गोल्फची मैदानं आखत हिंडला आणि घरचा वारा विसरला.

"काय वाटतं, वॉटी?"

"आर्किटेक्ट तू. मला काय वाटायचंय?"

तो हसला. त्याला तो मान वाटला.

सोळाव्या वर्षी आम्ही दोघं याच गोल्फ क्लबात बंकरच्या खड्ड्यांतली वाळू दाताळ्याने सारखी करायचो. एक दिवस एक मोठा आर्किटेक्ट आला. मोजमापाच्या फितीचं दुसरं टोक धरायला त्याला माणूस हवा होता. माझी दाढ सुजली होती, म्हणून मी घरी. फीत स्ट्रुअनने धरली, आणि तो माणूस त्याला सोबतच घेऊन गेला. एक दाढ! मी बुलडोझरवर बसलो. आर्किटेक्ट कागदावर रेघ मारतात. तिचा उंचवटा, तिचा उतार मातीत मी उतरवतो. पाटीवर नाव त्यांचं. माझ्या पोटात दुखतं. दुखतं तर दुखतं, लपवायचं कशाला?

क्लबने नवे नऊ होल करायचे ठरवले, तेव्हा मीही आराखडा दिला होता. भिंतीला लावायच्या कागदाच्या पाठीवर, चार महिने खपून. क्लबचा कॅप्टन म्हणाला होता, "वॉटी, झकास काढलंयस. पण बाहेरून माणसं यायची तर नाव लागतं रे."

माझ्या आराखड्यात सातवं ग्रीन टेकाडाच्या खांद्यावर होतं. तिथे जुनं, चिवट गवत आहे. तिथे वाळू थांबत नाही.

त्या संध्याकाळी माझ्या बायकोने, एल्स्पीने, जवाचं सूप वाढलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"सांगितलंस का त्याला?"

"त्याने विचारलं नाही."

"विचारलं असणार. खोटं बोलताना तू चमच्याकडे बघतोस." तिने पाव पुढे सरकवला. "जळ त्याच्यावर हवं तेवढं. पण कामात नको कालवूस ते. ग्रीनने काय घोडं मारलंय तुझं?"

मी चमच्याकडे बघत राहिलो.

आणि मग मी ते ग्रीन असं घडवलं, की बघणाऱ्याने टोपी काढावी. पाण्याचा एक थेंब कुठे साचणार नाही, एक उतार खोटा नाही. जितकं देखणं, तितका स्ट्रुअनचा कपाळमोक्ष मोठा.

जानेवारीत पश्चिमेचा वारा चार दिवस चार रात्री सुटला. पाचव्या दिवशी खळगा कंबरभर वाळूने भरला होता. ग्रीन कुठे होतं हेही कळेना. मला नाचावंसं वाटलं.

कमिटी जमली. स्ट्रुअन आला, वाळूकडे बघितलं आणि सरळ म्हणाला, "चूक माझी. इथे जन्मलो, आणि इथला वारा विसरलो."

झालं! सगळे विरघळले. आता शिव्या बसतील म्हणून मी वाट बघत होतो, तर ह्याच्या पाठीवर हात फिरायला लागले. मग तो वर तासभर एकटा हिंडला आणि टेकाडाच्या खांद्यावरून ओरडला, "इथे!"

माझी जागा. वीतभरही इकडेतिकडे नाही.

"याला म्हणतात नजर," कॅप्टन माझ्याच कानाशी म्हणाला. "शाळेत शिकवून येत नाही ती."

तोंड उघडलं असतं, तर आठ महिने ते का मिटलं होतं, हेही सांगावं लागलं असतं.

एप्रिलमध्ये नव्या ग्रीनची कड बसवत होतो, तेव्हा स्ट्रुअन एकटाच वर आला. हातात माझा कागद.

"ऑफिसच्या कपाटात मिळाला. आज पहिल्यांदा बघितला." त्याने सातव्या ग्रीनवर बोट ठेवलं. "तू आधीच इथे दाखवलं होतंस."

मी मशीन बंद केलं.

"वॉटी, वाळू येणार हे तुला ठाऊक होतं?"

हो म्हटलं, तर तीस वर्षांची माझी नजर खरी ठरत होती. आणि त्याच तोंडाने मी देखत्या डोळ्यांनी दुसऱ्याचं काम गाडू दिलं, हेही. एकातून दुसरं वेगळं काढता येत नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "कागद तिथे मोकळा होता, म्हणून गोल काढला."

"म्हणजे तुक्का?"

"तुक्का."

त्याला कळलं असावं. कागदाची गुंडाळी करून त्याने माझ्या हातात दिली.

"सुंदर काढलायस," म्हणाला, आणि उतरून गेला.

मी कागद सीटवर टाकला आणि खाली उतरून गुडघ्यांवर बसलो. कडेला मशीनच्या दातांचा एक ओरखडा राहिला होता. तळहाताने मी तो पुसत राहिलो. इथे कुणाचा हात फिरलाय हे कुणाला कळू नये, इतका.