लुम्बा आजीचा मुक्काम

भात कापून झालं, की तोराजा लोकांच्या डोंगरात मेलेल्या वाडवडिलांना नवे कपडे चढवायचे दिवस येतात. दर तीन वर्षांनी कड्यातल्या थडग्यांची दारं उघडतात, म्हातारी मंडळी खाली उतरतात, ऊन खातात, नातवंडांसोबत फोटो काढतात आणि सुखाने परत जातात. थडगं म्हणजे तरी काय, चूल न पेटणारं घरच!

राहेलचं मात्र यंदा सणात लक्ष नव्हतं. तिला गावातल्या तांदी नावाच्या पोराशी लग्न करायचं होतं आणि आड येत होती मेलेली आजी.

झालं होतं असं. एका मयताच्या जेवणात तांदीचे आजोबा पासोलोन यांच्याकडे रेड्याचे वाटे घालायचं काम होतं. त्यांनी राहेलच्या लुम्बा आजीच्या घराला मानाच्या मांडीऐवजी बरगड्या धाडल्या. आजीने त्या सगळ्यांदेखत कुत्र्यांपुढे टाकल्या आणि शपथ घेतली, "मी मेले तरी ह्यांच्या घरात पाय ठेवणार नाही, नि माझ्या रक्ताचंही कुणी ठेवणार नाही!" पुढे दोघंही गेली. नशिबाची थट्टा अशी, की दोघांची थडगी कड्यात शेजारीशेजारी.

आजीचा शब्द आता तिचा मुलगा, सरीरामामा, राखत होता.

"मामा, इतकी वर्षं झाली. सोड ना आता," राहेल रोज म्हणायची.

"ज्या दिवशी तुझी आजी त्यांच्या घरी जाऊन राहील ना, त्या दिवशी मी तुझ्या लग्नात नाचीन," मामा म्हणायचा आणि स्वतःच्याच विनोदावर मांडी थोपटून हसायचा.

आज तोच मामा बांबूच्या शिडीवरून आजीचं लाल गाठोडं खांद्यावर घेऊन उतरला. "आई जड झाली गं!" तो धापा टाकत म्हणाला.

राहेलने आजीसाठी पिवळं झंपर शिवलं होतं. तोंडावरचं कापड शेवटी काढायचं, म्हणून आधी हात घातले. बाह्या कोपरावरच अडकल्या.

"माप चुकलं वाटतं," मावशी कुजबुजली.

"ओढ की जरा!" मामाने दटावलं आणि तोंडावरचं कापड दूर केलं.

खाली भरघोस मिशा होत्या.

मग मामा हळूच म्हणाला, "आईला मिशा कधी आल्या?"

तेवढ्यात पलीकडून तांदीची आई देबोरा ओरडली, "अहो, आमच्या सासऱ्यांना सोन्याचा दात कुणी बसवला?"

सगळे तिकडे धावले. सोन्याचा दात तर आजीचा! लुम्बा आजी पासोलोन आजोबांचा करड्या रंगाचा कोट घालून, डोळ्यांवर काळा चष्मा लावून ऐटीत बसली होती. तिच्या ओठांत लवंगी सिगारेट होती आणि तांदी काडी पेटवून तसाच थिजला होता.

मग सगळ्यांना आठवलं. तीन वर्षांपूर्वी ऐन वेळी पाऊस कोसळला होता. माडी सगळ्यांनाच चढलेली, गाठोडी दोन्ही लाल. "सरका, मी पोचवतो दोघांना!" म्हणून शिडी चढला होता तो हाच सरीरामामा.

मामाचा चेहरा लालबुंद झाला. राहेलला हसू आवरत नव्हतं. आता नाही बोलले तर जन्मात नाही, हे तिला कळलं.

"मामा, आजी तीन वर्षं कुणाच्या घरी होती?"

"ती चूक होती!"

"तिथे नेऊन सोडली कुणी?"

मामा शिडीकडे बघू लागला.

"सरीराभाऊ," देबोरा म्हणाली, "आमच्या आजेसासूबाईही त्याच थडग्यात असतात. त्यांच्या हाताखाली एक सून धड टिकली नाही. तुमच्या आई तीन वर्षं राहिल्या, पण भांड्याला भांडं लागल्याचं ऐकलंत कधी?"

मावशी आधी फसकन हसली आणि मग सगळा डोंगर हसत सुटला. बाया एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मामा तेवढा हसत नव्हता.

देबोराने आजच्या डुकराची अख्खी मांडी केळीच्या पानावर आणली, आजीसमोर ठेवली आणि वाकून म्हणाली, "आजी, तुमचा वाटा राहिला होता. उशीर झाला, पोटात घ्या."

आता हसणं थांबलं. मामाने त्या मांडीकडे पाहिलं. मग त्याने नाक पुसलं, आजीच्या ओठांतली सिगारेट अलगद काढली आणि आपल्या जागी परत गेला. तिथे पासोलोन आजोबा पिवळ्या झंपरात अडकून ताटकळत बसले होते. मामाने सिगारेट पेटवून त्यांच्या मिशांखाली ठेवली.

"ओढा, व्याहीबुवा," तो म्हणाला, "मला आता नाचायचंय."