टोल्यावर टोला

टोला पडल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असा आम्हा घंटांचा नियम. आज तो मोडते. टोला घालणारं कुणी जवळ नाही आणि मला भीती वाटतेय, म्हणून.

मी देवळात लोंबते तसली घंटा नव्हे. ताटासारखी चपटी, काशाची, साखळीसाठी वर दोन भोकं. शाळेत असते तशीच, पण चांगली जाड. मला नाशिकला तांबट आळीत घडवली. मग बांबूला अडकवून दोन माणसांनी त्र्यंबकावरून, मोखाड्यावरून जव्हारला आणली. वाटेत जरा कुठं आपटले की मी बोंबलायची. पुढचा मागच्याला म्हणाला, "हिला नवरा मिळायचा नाही रे." नाहीच मिळाला. लाकडी मोगरी मिळाली, ती जन्मभर पाठीत बसली.

जव्हार तेव्हा संस्थानाची राजधानी. राजधानी म्हटलं की तुम्हाला हत्ती-घोडे दिसत असतील. तसलं काही नव्हतं. डोंगराच्या माथ्यावर पठार, पठारावर वाडा, बाजाराची वाट, आणि बाकी कुडाची, गवती छपराची घरं. पावसाळ्यात ढग दारातून आत येऊन चुलीपाशी बसायचे. उन्हाळ्यात त्याच गावातल्या बाया हंडाभर पाण्यासाठी दरीत उतरायच्या. राज्य कोळी राजांचं. पहिल्या राजानं म्हणे बैलाच्या कातड्याएवढी जागा मागितली, आणि देणाऱ्यानं हो म्हटल्यावर कातड्याची बारीक वादी कापून तिनं अख्खा डोंगर वेढला. खरं-खोटं मला ठाऊक नाही, मी तेव्हा नव्हते. पण ही गोष्ट सांगताना जव्हारचा अर्धपोटी माणूससुद्धा छाती काढतो, हे मी पाहिलंय.

माझी जागा वाड्याच्या देवडीत, पाण्याच्या टाक्याशेजारी. एकेक टोला म्हणजे तास झाला. आणि टोल्यावर टोला, न थांबता, म्हणजे धोका.

धोका आला की तुम्ही काय करता? पळता. जव्हारला पळायचं नसतं. पठाराच्या चारी बाजूंना दऱ्या. घाबरलेला माणूस सैरावैरा धावला की कड्यावरून खाली. आगीनं एक गेला तर घाबरून चार जायचे. म्हणून रीत पडली: टोल्यावर टोला ऐकला की पोरंबाळं उचला आणि घंटेकडं या. देवडी दगडी, पाणी जवळ, माणसाला माणूस जवळ. तान्ह्या पोराला बोबडे बोल फुटायच्या आधी ही रीत त्याच्या पायांत उतरायची.

मला वाजवायचं काम गोमाजीच्या घराण्याकडं. त्याचा बाप गेल्यावर गोमाजी आला, मिसरूडही फुटलं नव्हतं. आणि पुढं पंधरा-वीस वर्षांत संस्थान विलीन झालं. राजाचं राज्य गेलं तेव्हा गावात मिरवणूक निघाली, आणि माझं काम गेलं तेव्हा कुणाला कळलंसुद्धा नाही. मनगटावर घड्याळं आली होती. मी एका कोठारात पडले, अंगावर वटवाघळांची घाण. गोमाजीनं किती उंबरे झिजवले! शेवटी कुणीतरी वैतागून म्हणालं, "ने बाबा, तुझीच बायको ती."

ऐंशीच्या सुमारास त्याच्या पोराला, सहदेवला, डोंबिवलीच्या एमआयडीसीत नोकरी लागली. म्हाताऱ्यानं गाव सोडताना देव घेतले आणि मला घेतलं. नाल्याकाठी एक पत्र्याची चाळ होती. तिच्यात बहुतेक जव्हार-मोखाड्याकडचीच माणसं, दोन-चार बिऱ्हाडं घाटावरची. चाळीच्या एका टोकाला मोकळं मैदान, दुसऱ्या टोकाला सार्वजनिक नळ. नळामागं कारखान्याची भिंत.

गोमाजीनं मला कुठं टांगावं? नळापाशी. भिंतीला लागून. देवडीत पाणी होतं ना शेजारी, मग इथंही पाणी पाहिजे!

सहदेवची बायको हौसाबाई. शाळा चौथीपर्यंत, तोंड मात्र मॅट्रिक पास. ती तेव्हाच म्हणाली, "मामा, ही भिंत बघा आणि मग खिळा ठोका. तिकडून काय वास येतो तो."

"वास वाऱ्यानं जातो, हौसा. पाणी महत्त्वाचं."

नळ आला की गोमाजी सावकाश तीन टोले द्यायचा आणि बाया हंडे घेऊन यायच्या. एवढंच काम राहिलं होतं. आणि दुसरं, हौसाबाईच्या मालूला शिकवणं. नातीला पुढ्यात बसवून म्हातारा रोज तेच विचारायचा.

"उगवतीला काय?"

"दरी."

"मावळतीला?"

"दरी."

"मग टोल्यावर टोला वाजला तर कुठं पळायचं?"

"पळायचं नाही आजा, घंटेकडं यायचं!"

हौसाबाई भांडी घासता घासता म्हणायची, "मामा, इथं कुठली दरी? इथं नाला आहे. त्यात पोर पडली तर मरायची नाही, रंगून निघेल."

खरंच होतं ते. नाला एक दिवस हिरवा, एक दिवस तांबडा. चाळीतल्या तुळशी कडेनं करपायच्या. आणि मी? पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की काय होतं, हे कुठल्याही बाईला विचारा. मी तशी कळकायला लागले. अंगावर हिरवे डाग. हौसाबाई चिंचेनं घासायची, आठवड्यात पुन्हा डाग. माणसांना वास यायच्या आधी मला आंबट लागायचं. पण सांगणार कसं? मला हात नाहीत, आणि टोल्याशिवाय तोंड नाही. तेव्हापासून भीती माझ्या अंगात मुरलीय.

मग भोपाळ झालं. घाटावरचा महिपत, शेजारच्या खोलीतला, नळावर उभा राहून पेपर वाचून दाखवत होता. बायांच्या हंड्यांतून पाणी सांडून वाहत होतं, कुणी नळ बंद करीना. हौसाबाईनं विचारलं, "भावजी, आपल्याकडं असं झालं तर पळायचं कुठं?"

महिपत थट्टेखोर. "कुठं पळणार वहिनी? ह्या कारखान्यातून पळालो तर त्या कारखान्यात."

बाया हसल्या. भीती वाटली की माणसं हसतात, हे मी सगळीकडं पाहिलंय. गोमाजी म्हणाला, "घंटा आहे ना. वाजवू." सगळ्यांना बरं वाटलं. घंटा आहे! पण घंटा वाजल्यावर यायचं कुठं, हे कुणी बोललं नाही. मी टांगलेली होते भिंतीशी. मला ते कळत होतं.

पुढं गोमाजी गेला. मोगरी हौसाबाईच्या हातात आली.

तो दिवस थंडीतला. दुपार. पुरुषमाणसं पाळीला गेलेली, सहदेवही दुसऱ्या कारखान्यात. पोरं मैदानात खेळत होती, मालू त्यांत. हौसाबाई नळावर चादरी पिळत होती. मला सकाळपासून आंबट लागत होतं, आणि आता तर जीभ भाजल्यासारखं झालं. भिंतीपलीकडं काहीतरी फस्स झालं. कुणीतरी ओरडलं, धावती पावलं वाजली, मग एकदम काही नाही.

आणि भिंतीवरून धूर उतरला. चुलीचा धूर वर जातो. हा खाली आला. पिवळट, जड, सापासारखा भिंतीला धरून.

हौसाबाईनं मोगरी उचलली. टोल्यावर टोला! तिच्या मनात एकच, सगळ्यांनी पळावं. मी जीव खाऊन ओरडले. इतक्या वर्षांत तशी ओरडले नव्हते.

आणि दारं उघडली.

माणसं पळाली नाहीत. माणसं आली. कडेवर पोरं घेऊन, म्हाताऱ्यांना हाताला धरून, जव्हारची माणसं जव्हारच्या पायांनी माझ्याकडं आली. महिपतची पाळी रात्रीची, तो झोपेतून उठून बादली घेऊन आला. "वहिनी, पाणी आलं का? आज दुपारीच?" आणि पुढचा शब्द त्याच्या खोकल्यात गेला.

"मागं फिरा!" हौसाबाई ओरडली. "अरे मागं! धूर आहे!"

पण माझ्या आवाजापुढं तिचं कोण ऐकतंय? तिनं आणखी जोरात टोले घातले, माणसं आणखी जोरात आली. तिनं हात थांबवला आणि ओरडली, तर तोंडात धूर शिरला, आवाजाची नुसती शिट्टी झाली. आणि तेवढ्यात मैदानाकडून पोरं येताना दिसली. सगळ्यांत पुढं मालू. दोन छोट्यांना हाताला धरून, आज्यानं शिकवलं तसं, न रडता, न थांबता, सरळ आईकडं. सरळ धुरात.

मला वाटलं, मी फुटावं. तडा जावा आणि माझा आवाज कायमचा बंद व्हावा. पण काशाला मरणही स्वतःहून येत नाही.

हौसाबाईनं पोरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग मोगरी दातांत धरली आणि दोन्ही हातांनी मला साखळीसकट उचकटलं. खिळा भिंतीतून निघाला, तिच्या मनगटाचं कातडं घेऊन निघाला. भरल्या हंड्यापेक्षा जड मी. तिनं मला कमरेवर घेतलं, जसं पोर घेतात. पण कमरेला टेकलेली घंटा वाजत नाही, थप्प होते. मग साखळी खांद्यावर टाकली, मला पुढं लोंबती सोडली, आणि निघाली.

कुठं? वाऱ्याबरोबर गेलं तर धूर पाठीशी. वाऱ्यासमोर तर कारखानाच. ती आडवी सुटली, रस्त्याकडच्या चढावर. धावायची, थांबायची, टोला. धावायची, थांबायची, टोला. मी तिच्या गुडघ्यांवर आपटत होते.

मी जन्मात कधी चालत वाजले नव्हते. मागं बघायला मला पाठीला डोळे नाहीत. कान होते. आधी काहीच नाही. नुसता तिचा श्वास, चिरलेल्या पिपाणीसारखा. पोरं धुरात गेली की काय? मालू गेली की काय? टोला. काही नाही. टोला. मग पावलं. मागून नाही, बाजूनं. पोरांची अनवाणी पावलं. ती वळली होती! घंटा जिकडं, तिकडं वळली होती. त्यांना धुराचं कुठं काय माहीत होतं, वाऱ्याचं कुठं कळत होतं? घंटेकडं यायचं, एवढंच येत होतं त्यांना. पोरांमागं बाया वळल्या. बायांमागं बादली टाकून महिपत, पाठीवर कुणाची तरी म्हातारी.

चढावर हौसाबाई कोसळली. मी तिच्या अंगावर. मालू येऊन मलाच मिठी मारून बसली, कारण आज्यानं सांगितलं होतं, घंटेपाशी पोचलं की सुटायचं नाही. खाली चाळ पिवळी झाली होती, पत्रे दिसत नव्हते.

महिपत डोळे चोळत म्हणाला, "वहिनी, राजधानी चांगलीच पळवलीत." कुणी हसलं नाही. मग सगळे एकदम रडले.

सगळे वाचले. हौसाबाईचा आवाज वाचला नाही. नळावर जिच्या आवाजानं भांडणं मिटायची, ती पुढं नुसती घोगरं पुटपुटायची. पण तिनं एक केलं. मला पुन्हा नळावर टांगू दिलं नाही. चढावरच्या झाडाला टांगलं, आणि दर रविवारी सकाळी टोल्यावर टोला घालायची. चाळीनं उठून यायचं. न येणाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहायची, काही न बोलता. नवे भाडेकरू कुरकुरायचे, "काय हे, दर रविवारी भोपाळ?" तरी यायचे. त्या नजरेपुढं कोण टिकणार?

गेल्या साली हौसाबाई गेली, छातीच्याच दुखण्यानं. मालू लग्न होऊन कोलशेतला असते. चढावर आता इमारत आली. झाड आणि मी कंपाउंडच्या आत. इमारतीतल्या लोकांची झोपमोड होत होती म्हणून वॉचमन तानाजीनं मला गोणपाटात गुंडाळलं आणि सुतळीनं आवळून बांधलं. त्याचा काय दोष? त्याला सांगितलं, त्यानं केलं. मोगरी त्यानं दाराला अडसर म्हणून लावलीय. चाळीतली अर्धी माणसं बदलली. मैदानात नवी पोरं खेळतात. त्यांना कुणी विचारत नाही, उगवतीला काय, मावळतीला काय.

आणि आज सकाळपासून मला पुन्हा आंबट लागतंय.

थोडंसंच. कदाचित काही नसेल. रोजचाच वास असेल. पण मी गोणपाटात आहे, मला वारा कळत नाही, खालून पोरांचा आवाज येतोय, आणि टोल्याशिवाय मला तोंड नाही. तुमच्यापैकी कुणी या रस्त्यानं जात असेल, तर थांबा. सुतळी सोडा. मोगरी मिळाली नाही तर दगड घ्या, दगड चालतो. पण घाई करू नका. आधी खाली जा आणि त्या पोरांना दाखवून या, मी ओरडले की कुठं यायचं. त्यांच्या पायांना ते येऊ दे. त्याआधी मला हात लावू नका.