बाबाम

तुंजाय एर्झुरुमला उतरला तेव्हा बर्फ गुडघ्यापर्यंत चढला होता. त्याला घ्यायला बसतळावर आलेल्या बहिणीने, नेर्मिनने, मिठीबिठी मारायच्या आधी त्याचे बूट बघितले.

"हे घालून आलास? पायाची बोटं इथेच ठेवून जायचा विचार दिसतोय," ती म्हणाली आणि त्याची बॅग हिसकावून घेऊन पुढे चालायला लागली. नेर्मिन पहिल्यापासून अशीच. माया करायची झाली तरी आधी चार शब्द सुनावल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

तिनेच फोन करून बोलावलं होतं. बाबांचं डोकं आता ठिकाणावर नसतं, कधी मला आई समजतात, कधी शेजारीण. ओळख पुसून जायच्या आत येऊन जा, एवढं सांगून तिने फोन ठेवून दिला होता. तुंजाय येईल याची तिला खात्री नव्हती. त्यालाही नव्हती.

बाबा म्हणजे भट्टीवाले रिफात उस्ता; कसबी कारागिराला तिथे उस्ता म्हणतात. त्यांच्या भट्टीतल्या पावाला अर्ध्या गावाची रांग लागायची. भट्टी त्यांच्या बापाकडून त्यांच्याकडे आली होती, त्यांच्याकडून ती तुंजायकडे जायची होती, आणि यात कुणी कुणाला विचारावं असं काही आहे हे रिफातच्या स्वप्नातही नव्हतं. तुंजायने इस्तंबूल गाठलं. बाहेरदेशच्या मालिकांमधल्या नटांना तुर्की आवाज द्यायचं काम त्याने धरलं. बोलणारा दुसराच, ओठ दुसऱ्याचे, आवाज फक्त याचा. रिफातनी सगळ्या बाजारात सांगून टाकलं की आपल्या पोटी पोपट जन्मला आहे.

त्यानंतरच्या ईदला तो घरी आला. सगळं गणगोत जमलं होतं. थोरांनी एकेक करून हात पुढे करायचा, धाकट्यांनी तो चुंबून कपाळाला लावायचा, हे चाललं होतं. तुंजाय बापासमोर येऊन वाकला आणि रिफातनी हात मागे घेऊन कोटाच्या खिशात घातला. तुंजाय थोडा वेळ तसाच वाकून राहिला, कारण सरळ कसं व्हायचं हे त्याला सुचेना. त्या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. मध्ये तो आला तो फक्त आईच्या मातीला. तेव्हाही बापलेक कबरीच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि आपापल्या वाटेने गेले.

तुला आता काय वाटतंय, असं कुणी विचारलं असतं तर तुंजायला सांगता आलं नसतं. दात काढण्याआधी सुई टोचून गाल बधिर करतात, तसं त्याचं आतलं सगळं झालं होतं. चावलं तरी कळायचं नाही. त्याला एकच गोष्ट हवी होती आणि ती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. म्हाताऱ्याने एकदा, शुद्धीत असताना, आपणहून हात पुढे करावा. तो चुंबायचा, कपाळाला लावायचा आणि परतीची बस पकडायची. त्यापुढे त्याच्या मागण्या नव्हत्या.

घरात शेगडीचा पत्रा तापून लाल झाला होता. खिडकीखालच्या दिवाणावर रिफात पांघरुणात बसले होते. केवढा आडदांड माणूस, आता उशीएवढा उरला होता. तुंजाय दारात थांबला. हाक मारायची तर 'बाबा' म्हणायला हवं होतं, आणि ते तोंडात येईना. रिफातनी मान वळवून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उघडला.

"बाबाम," ते म्हणाले, "आलास?"

नेर्मिनच्या हातातली बॅग खाली पडली.

बाबाम म्हणजे माझा बाबा. पण त्या गावात रस्त्यावरचा कुठलाही बाप आपल्या शेंबड्या पोरालाही बाबाम म्हणतो. लाड आले की आईबाप लेकरांना स्वतःच्याच नात्याने हाक मारतात. रिफात उस्तांनी मात्र तसं कधी म्हटलं नव्हतं. त्यांच्या तोंडी पोरगा म्हणजे 'ए' आणि पोरगी म्हणजे 'ऐक'.

स्वयंपाकघरात नेर्मिनने चहाची किटली आदळली. "मी इथे दोन वर्षं त्यांचं हागणंमुतणं काढतेय, मला कधी बाबाम म्हणाले नाहीत," ती म्हणाली. "तू आलास काय आणि लगेच बाबाम. पोरगा तो पोरगाच." बोलता बोलता तिने ओढणीने डोळे पुसले. ती खूश होती आणि जळतही होती, आणि दोन्ही तिला लपवता येत नव्हतं. ओळखलं त्यांनी तुला, ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तुंजायने विचारलं, हात का पुढे करत नाहीत मग? तिने त्याला वेड्यात काढलं. एवढ्या वर्षांचं गोठलेलं, एका दिवसात विरघळेल होय? जरा थांब म्हणाली.

तो थांबला. इस्तंबूलला फोन करून त्याने चालू मालिकेतला आपला नट आठवडाभर दुसऱ्याकडे द्यायला सांगितला. सकाळी तो बापाला दिवाणावर बसता करायचा, साखरेचा खडा त्यांच्या गालात ठेवायचा आणि कोरा चहा पाजायचा. रिफात चहा प्यायचे आणि म्हणायचे, "बाबाम, बर्फ पडतोय." दुपारी म्हणायचे, "बाबाम, आज गिऱ्हाईक फार." तुंजाय 'हो' म्हणायचा. पुढे काही नाही. तरी दिवसातून चार-पाच वेळा तो शब्द कानावर पडायचा, आणि रात्री पडल्या पडल्या तुंजाय ते मोजत नसला तरी एकेक आठवून बघायचा. सुख झालं असं नव्हे. पण बधिर गालात कुठेतरी मुंग्या यायला लागल्या होत्या. तेवढ्यावरही त्याची भूक भागत होती, इतका तो उपाशी होता.

शुक्रवारी नेर्मिन बाजारात गेली. जाताना बजावून गेली की बाबांना शेगडीवर भाजलेला पाव दे, चीज लाव, आणि लक्ष ठेव, इस्तंबूलच्या माणसाला शेगडीची सवय नसते. तुंजायने पावाचे काप तापल्या पत्र्यावर मांडले. तेवढ्यात फोन वाजला; त्याच्या जागी आवाज देणाऱ्याला एक प्रसंग जमत नव्हता. तुंजाय पॅसेजमध्ये उभा राहून त्याला सांगत बसला की शब्द सोड, त्या माणसाचा श्वास कुठे तुटतो ते बघ. बोलणं संपवून तो आत आला तेव्हा काप कोळसा झाले होते आणि खोलीत धूर भरला होता.

त्याने जळके काप ताटलीत ओढले. धूर जावा म्हणून तो दिवाणापाशी गेला आणि बापाच्या डोक्यावरून हात वर करून खिडकीची कडी काढायला लागला.

रिफात एकदम खाली वाकले आणि दोन्ही हातांनी त्यांनी डोकं झाकलं.

"बाबाम, मारू नकोस," ते म्हणाले. "मी झोपलो नव्हतो. नुसता डोळा लागला. पुन्हा भाजतो मी पाव, सगळे पुन्हा भाजतो."

तुंजायचा हात तसाच वर राहिला. आजोबांना, मुरतझांना, त्याने फक्त फोटोत पाहिलं होतं. भट्टीच्या तोंडाशी उभे, हातात पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं, आणि हुबेहूब तुंजायच्या भुवया. आई असताना म्हणायची, हा पोरगा आजोबांवर गेलाय. म्हणजे आल्या दिवसापासूनचे सगळे बाबाम आजोबांचे होते. बर्फाचा त्यांचा, गिऱ्हाइकाचा त्यांचा, 'आलास' म्हटलेला तो पहिला, तोही त्यांचाच. यातला एकही तुंजायच्या वाट्याचा नव्हता.

त्याने हात सावकाश खाली आणला. रिफातनी तो येताना पाहिला आणि मार चुकल्याची खात्री होताच दोन्ही हातांनी धरला. ओठांना लावला, मग कपाळाला. त्यांची दाढी खरखरीत होती. बापाने लेकाचा हात चुंबायचा, हे त्या गावात कुणी पाहिलं असतं तर लाजेने तोंड फिरवलं असतं. तुंजायलाही हात झटकून घ्यावासा वाटला. पण वाकलेल्या माणसासमोरून हात काढून घेतला की त्याला कसं होतं, हे त्या घरात त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्याने हात राहू दिला.

रिफात मान वर करून वाट बघत होते. हात चुंबणाऱ्याला थोराने चार शब्द द्यायचे असतात, ते मिळाल्याशिवाय पोराने जागचं हलायचं नसतं.

"तुझे हात चुंबणारे पुष्कळ होवोत," तुंजाय म्हणाला. दुसऱ्याच्या ओठांवर आवाज बसवण्यात त्याची हयात गेली होती. वाक्य कुठे अडलं नाही.

"रागावला नाहीस ना?" रिफातनी विचारलं.

हे विचारायला तर तो स्वतः आला होता.

"नाही," तुंजाय म्हणाला.

रिफातनी सुटकेचा श्वास सोडला, हात सोडला आणि ते उशीला टेकले. तुंजायने कडी काढली. गार वारा आत आला, धूर बाहेर जायला लागला. तो खिडकीला धरून उभा राहिला. नाही म्हणाला होता आणि ते साफ खोटं होतं. तो रागावलेला होता. त्या ईदच्या सकाळपासून एक दिवसही न चुकता तो रागावलेला होता, आणि इतकी वर्षं त्याला वाटत आलं होतं की आपल्याला माफी हवी आहे. आता तो राग हातापायांत, घशात, सगळीकडे एकदम जागा झाला, आणि ज्याच्यावर काढायचा तो माणूस घरात नव्हता. तो कधीच निघून गेला होता. मागे दिवाणावर त्याने एक घाबरलेलं पोर तेवढं ठेवलं होतं, आणि ते पोर आता तुंजायकडे बघून ओशाळं हसत होतं.

"बाबाम," ते म्हणालं, "भूक लागली."