कोंबडीच्या पिसांची कव्हरं

इंडोनेशियात सुराबायाहून बांडुंगला येताना येयेत रोहायाती स्वतःच सजवलेल्या विमानात बसली, पट्टा लावला आणि सवयीने सीटच्या कडेवरून हात फिरवला. हात मध्येच थांबला. कापड मऊ लागत होतं.

ते मऊ लागायला नको होतं. आगीला दाद न देणाऱ्या क्षारांच्या पाण्यातून काढलेल्या सुती कापडाला एक ताठपणा राहतो, खळ दिल्यासारखा. तो या कापडात उरला नव्हता. तिने वाकून सीटच्या पाठीला नाक लावलं, तसा शेजारचा माणूस अंग चोरून बसला. कापडाला फुलांचा गोडसर वास होता. गल्लीगल्लीत किलोवर कपडे धुऊन देणाऱ्या लॉंड्र्यांमध्ये असतो, तोच.

पाणी घेऊन आलेल्या हवाई सेविकेने तिला ओळखलं आणि वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं बु म्हटलं. "बु, छान वास येतो ना? लोक फोटो काढतात हो या सीटांचे." हा वास कधीपासून येतो, असं येयेतने विचारलं. लेबारानच्या ईदेपासून, मुलगी म्हणाली. येयेतला संताप आला होता आणि तो नेमका कोणावर काढायचा हे अजून तिला ठरवता येत नव्हतं.

येयेत एकावन्न वर्षांची. तरुणपणी ती बांडुंगच्या सरकारी विमान कारखान्यात आराखडे काढायची. कारखान्याने एका फटक्यात हजारो माणसं घरी बसवली, त्यात तीही होती. मग काही वर्षं तिने लांब पल्ल्याच्या बसगाड्यांचे पडदे आणि छतावरचे दिवे केले. ओळखीचे लोक टोमणे मारायचे, येयेतचं विमान आता सिग्नलला थांबतं म्हणून. ती हसून घ्यायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. 'सायाप कुनिंग' या छोट्या विमान कंपनीने तिला अंतर्सजावटीसाठी बोलावलं, तेव्हा तिने एकच हट्ट धरला. या विमानांत परदेशी करडं लेदर बसायचं, ते काढून तिला गारुत गावचं बाटिक घालायचं होतं. तेही तिच्या मावशीच्या हातचं, सायीच्या रंगाच्या कापडावर कोंबडीच्या पिसांची जुनी नक्षी. बैठकीत हशा पिकला होता. कोंबडी कधी उडाली का, असं कोणीतरी म्हणालंच. तिने तीन वर्षं सगळ्यांना पुरून उरत ती नक्षी विमानात नेली. कापड पेटतं का याची कसोटी घेतली गेली आणि कापड तीत उतरलं. सोबत तिने लेखी बजावलं होतं की ही कव्हरं फक्त ड्रायक्लीन करायची, पाणी लावायचं नाही. पाण्यात क्षार निघून जातात.

विमानतळावरून ती घरी गेली नाही. तडक हँगरमधल्या शिवणविभागात गेली. तिथला प्रमुख कांग इदिंग तिच्याबरोबरच कारखान्यातून निघालेला, तिच्याहून मोठा, म्हणून ती त्याला कांग, म्हणजे दादा, म्हणायची. तो शांतपणे तळलेला कसावा खात बसला होता. तिने विचारल्यावर त्याने काहीच लपवलं नाही. ड्रायक्लीनवाला उशीर करायचा, म्हणून वरून हुकूम आला आणि कव्हरं फाटकाजवळच्या लॉंड्रीत जायला लागली. वास चांगला येतो म्हणून वरून शाबासकीही आली होती.

"आणि तुम्ही गप्प बसलात, कांग?"

"मी शिवतो, येयेत. धुणं माझ्याकडे नाही."

दोघांनी मिळून एका धुतलेल्या कव्हराची पट्टी कापली, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चिमट्याला उभी टांगली आणि खालून ज्योत दिली. चांगल्या कापडावर ज्योत काढली की आग आपोआप विझते. इथे ज्योत काढल्यावरही आग वर चढत गेली, पिसामागून पीस खात चिमट्यापर्यंत पोचली. इदिंगने कसाव्याची पुडी खिशात टाकली. नंतर त्याने खाल्लं नाही.

कंपनीचे मालक पा हेंदार सौम्य बोलणारे होते. येयेतला त्यांच्या सौम्यपणाचीच धास्ती वाटायची. तिने उरलेली काळी पट्टी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. ते ऐकत होते, मध्येमध्ये मान हलवत होते. मग म्हणाले की आत फोमवर आगरोधक अस्तर आहेच ना. आहे, ती म्हणाली, पण अस्तर आणि कापड मिळून सीट कसाला उतरते, एकट्या अस्तरावर नाही. ते म्हणाले, नवं कापड तर उतरलं होतं, तसं प्रमाणपत्र आहे. ती म्हणाली, प्रमाणपत्र आहे ते न धुतलेल्या कापडाचं.

पा हेंदारांनी थोडा विचार केला.

"मग यापुढे धुवायचंच नाही, बु येयेत. पुसून घेऊ."

तिला आधी वाटलं, ते थट्टा करतायत. पण त्यांनी लगेच फोन उचलून लॉंड्री बंद करायला सांगितलंसुद्धा. एक अडचण सोडवल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"जी धुतली गेलीत ती सीटांवर आहेत, पा. लोक त्यांच्यावर बसतायत."

"सुट्ट्यांचा हंगाम संपू दे. जुनं लेदर तर अंगकोट चालवणाऱ्या शेअर-टॅक्सीवाल्यांना विकून झालंय. सीटांवर काहीतरी असल्याशिवाय विमान उडू द्यायचे नाहीत तपासणीवाले." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "आणि रेखाटनावर नाव तुमचं आहे, बु. पेपरात फोटो तुमचा आला होता. तुमच्याच कामाला तुम्हीच काडी लावणार?"

तिने त्याच दुपारी सरकारी तपासणी कार्यालयात तक्रार दिली. तिथल्या माणसाने ती अदबीने घेतली आणि सुट्ट्यांनंतर पथक येईल असं सांगितलं. तोवर ते विमान रोज पाच फेऱ्या मारणार होतं. बाटिक घातलेलं ते एकच विमान होतं. बाकीच्या तीन विमानांसाठीचं कापड गारुतमध्ये रंगत होतं.

म्हणून तिने बिबी ओनेंगला, मावशीला, फोन केला. मेण लावणाऱ्या बायांचा गलका मागून ऐकू येत होता. येयेतने शक्य तितक्या सरळ सांगितलं की काम थांबवावं लागेल, कारण लोकांना कळेल की कापड पेटलं.

"कापड पेटलं म्हणजे? कापड पेटतंच, पोरी. तुझं पेटत नाही, असं तूच सांगत आलीस आम्हाला."

"चूक धुण्यात झालीय, बिबी. कापडात नाही."

"लोक धुण्याचं नाव घेतील का? म्हणतील, गारुतचं जळकं कापड. बारा बाया बसल्यात इथं. त्यांना मी सांगू, का तू येऊन सांगतेस?"

येयेत म्हणाली, मी येते. पण मावशीने तोवर फोन ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमान पहिल्या फेरीआधी हँगरसमोर उभं होतं. येयेत ओळखपत्र दाखवून आत शिरली. कव्हरं सीटला वेल्क्रोच्या चिकटपट्टीने धरलेली असतात. एका ओढीत निघतात आणि तितक्याच सहज परत दाबून बसतात. म्हणून तिने शिवणविभागातली मोठी कात्री सोबत घेतली होती. पहिल्या रांगेतलं कव्हर तिने काढलं, मांडीवर पसरलं आणि नक्षीच्या मधोमध कापलं. कापड घट्ट विणीचं होतं, कात्री जड चालत होती. तिसऱ्या रांगेपर्यंत अंगठ्याला फोड आला. तिला बिबीचा चेहरा दिसत होता, त्या चेहऱ्याचाही राग येत होता, आणि ती कापत होती.

इदिंग दारात येऊन उभा राहिला. त्याने ना तिला थांबवलं, ना मदत केली. मग खाली उतरला आणि वैमानिकाला बोलावून आणलं. वैमानिकाने उघड्या पडलेल्या सीटा पाहिल्या, तिच्याकडे पाहिलं, आणि उड्डाणाच्या कागदावर सही न करता फेरी रद्द असल्याचं कळवायला निघून गेला.

पा हेंदार आले तेव्हा मागच्या दोनच रांगा उरल्या होत्या. सोबत दोन पहारेकरी होते. त्यातल्या एकाने तिचं कोपर धरलं, पण तिला बु म्हणायला विसरला नाही.

"ती आठ राहू द्या," पा हेंदार म्हणाले. प्रवासी बाहेर गरम होतायत, निदान आठ जण तरी नेऊन दाखवायला हवेत, असं त्यांचं म्हणणं होतं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता. "इदिंग, ती कव्हरं नीट बसव."

इदिंग आत आला. शेवटच्या दोन रांगांची आठही कव्हरं त्याने एकेक करून ओढून काढली, घडी घालून बगलेत धरली आणि पायऱ्या उतरून गेला. इंजिनाखाली गळतं तेल धरायला परात ठेवलेली होती. त्याने ती घडी तिच्यात टाकली आणि पायाने दाबली.

"धुणं माझ्याकडे नाही," तो वर न बघता म्हणाला.

येयेतला फाटकाबाहेर सोडलं. ओळखपत्र काढून घेतलं होतं. उद्यापासून यायचं नाही, हे कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती. फाटकापाशी खोळंबलेले प्रवासी होते. विमान कशामुळे रद्द झालं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मुलाला कडेवर घेतलेली एक बाई कंपनीच्या नावाने बोटं मोडत होती. त्या बाईने येयेतला कंपनीचीच समजून चार शब्द सुनावले. येयेतने ते ऐकून घेतले.

रस्ता ओलांडून ती सोतो सुपाच्या गाड्यावरच्या बाकावर बसली आणि गारुतला फोन लावला. घंटा वाजत राहिली. बिबी ओनेंगने उचलला नाही. तिने पुन्हा लावला.