काटा जिथे पडला

दापोडीच्या त्या गल्लीत चैत्राचं ऊन पत्र्यांवरून घरंगळून गॅरेजवाल्या विलासभाऊंच्या हातांवर येऊन थांबे, आणि तेलाने काळवंडलेली ती लांब, निःशब्द बोटं मला खिसेकापूची वाटत. त्यांनी माझं काही बिघडवलं नव्हतं. पण माझं तोंड दुधाने पोळलेलं. चिंचवडच्या एका गॅरेजवाल्याने ‘इंजिनच गेलंय, भंगारात काढा’ असा निकाल दिला होता. आमचे हे गेल्यावर यांची म्हणून ही गाडीच तेवढी उरलेली, आणि ती ठेवायची की काढायची हे आता दुसऱ्या परक्या माणसाच्या शब्दावर ठरणार होतं.

म्हणून मी तयारीनेच गेले होते. अदलाबदल नको म्हणून बॉनेटखाली हाताला लागेल त्या प्रत्येक भागावर गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. भाऊंनी ठिपके पाहिले आणि गालात हसले. त्या हसण्याचाही मला संशय आला.

ताशी साठच्या आसपास गाडी गचके देते, एवढं मी सांगितलं. त्यांनी इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवली आणि थ्रॉटल सेन्सरच्या, म्हणजे पाय किती दाबलाय हे इंजिनाला कळवणाऱ्या इवल्या डबीच्या, तारेला काट्याचा जुना मीटर लावला. डिजिटल का नाही, मी विचारलं. तो असले क्षणाचे गचके गिळून टाकतो, म्हणाले. मला ते पाठ केलेलं उत्तर वाटलं. मग मला चष्मा लावायला सांगून, झोपलेल्या लेकराखालून हात काढावा तितक्या सावकाश त्यांनी थ्रॉटल उघडलं. काटा संथ चढत गेला, एका जागी एकाएकी कोसळला, पुन्हा चढला. मी विश्वास न ठेवता स्वतः करून पाहिलं. तिथेच कोसळला.

“ताई, इंजिन चांगलं हाय. आतली पट्टी फकस्त इथंच झिजलीय. कुणीतरी लई वर्सं ह्याच जागी पाय धरून गाडी चालवलीय.”

चाकणच्या कंपनीत बावीस वर्षं जाता-येता हे साठच्या वर कधी गेले नाहीत. रविवारी शेजारी बसून मी त्यावरून चिडत असे. भाऊंसमोर मला रडू आलं, आणि स्वतःची लाजही वाटली.

नवा सेन्सर बसला. आता साठला गाडी कुठे अडत नाही, आणि ते न अडणंच मला सलतं. काळ माणसाला एकदाच नेत नाही. त्याच्या पायाने झिजलेली जागाही एक दिवस आपणच, समोर उभं राहून, बदलून घेतो.