लाल पानांचं वाण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वर्षाराणीनं बायकांना वाण म्हणून नाताळातलं ते लाल पानांचं झाड वाटलं, प्रत्येकीला एक कुंडी. धाकट्या जावेच्या, संयोगिताच्या वाट्याला मात्र पानं झडलेली, मरायला टेकलेली कुंडी आली. वर अख्ख्या गल्लीतल्या बायकांदेखत म्हणाली, "तुला हेच बरं बाई. तुझ्या हातात तसंबी काय जगत न्हाय."

संयोगिताचा गर्भ दोनदा टिकला नव्हता. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी हसलं नाही. वाण काही नाकारता येत नाही. तिनं ते पदरात घेतलं आणि मनाशी ठरवलं, हिच्या नाकावर टिच्चून जगवीन.

उन्हाळ्यात तिनं झाड पार बोडकं छाटलं. चीक लागून हातांना खाज सुटली, तरी छाटलेली एक काडी तिनं वेगळ्या कुंडीत खोचली. पावसाळ्यात दोन्हीकडं फुटवे आले. खरी गोम दसऱ्यानंतर. या झाडाला रोज रात्री मिट्ट काळोख लागतो; उजेडाची तिरीप पडली तरी पानं हिरवीच राहतात. दिवस मावळला की ती मोठ्या झाडावर तेलाचा रिकामा डबा पालथा घालायची, सकाळी काढायची. नवरा धैर्यशील म्हणायचा, "झाडाला झोपवतीस व्हय?" ती डबा दाबून नीट बसवायची. राग डोक्यात असला की माणूस कसलंही काम नेटानं करतं.

डिसेंबरात झाड लालभडक झालं. शिवाजी पेठेतल्या बायका बघायला आल्या, त्यांची झाडं कधीच वाळून गेलेली. वर्षाराणीही आली.

"मूळचं माझंच की गं हे. मलाबी दे की एक."

संयोगितानं काडीपासून वाढवलेली हिरवी कुंडी तिच्या हातात दिली.

"आन् लाल कसं करायचं?"

"सोपं हाय, जाऊबाई. देवघरात ठेवा. तुमच्यात तिथं रात्रभर बल्ब असतोय न्हवं? ह्या झाडाला देवाजवळचा उजेड मानवतोय."

वर्षभर वर्षाराणीनं त्याला पाणी घातलं, देवाबरोबर त्यालाही हात जोडले. झाड फोफावलं, हिरवंगार झालं आणि हिरवंच राहिलं. पुढच्या डिसेंबरात येणारी-जाणारी प्रत्येक बाई विचारायची, "अजून लाल न्हाय झालं व्हय?" शेवटी ती संयोगिताच्या सोप्यात येऊन बसली. डोळे भरलेले.

"काय चुकतंय गं माझं? देव रुसलाय वाटतं आमच्यावर."

खरं सांगून टाकावं, असं संयोगिताला वाटलं. पण फार नाही वाटलं. तिनं जावेपुढं चहाची कपबशी सरकवली.

"बल्ब जरा मोठा लावा की," ती म्हणाली.